ताईच्या फोटोसाठी लेन्स

आई, एक डोळा कॅमेऱ्याला लावून तू मागे न वळता आमटी ढवळत होतीस. मी स्टँडच्या पायाशी बसून वाल सोलत होते. पलीकडे, बाहेरच्या खोलीत, रंगवलेल्या पडद्यासमोरच्या स्टुलावर कळंबकडची एक मुलगी नवी साडी सावरत बसली होती आणि तिची आई तिच्या कानाशी लागून सांगत होती, "हास गं. पन दात नको दावू." तू स्वयंपाकघरातून ओरडलीस, "मावशी, जरा बाजूला व्हा, तुमचा पदर येतोय फोटोत." मावशी बाजूला झाल्या, पण त्यांना राहवेना. मधल्या दारातून त्यांनी आत डोकावून पाहिलं. स्टोव्ह, पाट, कॅमेरा, तू, मी. "बाय गं, पोर तिकडं नि तू हितं आमटीपाशी. यवढ्या लांबनं काय दिसतं तुला?" "इथूनच नाक नाकाएवढं दिसतं, मावशी," तू म्हणालीस आणि बटण दाबलंस. मग पळीतली आमटी तळहातावर घेऊन चाखलीस आणि मला म्हणालीस, "मीठ दे."

आपली बाहेरची खोली फोटोला अपुरी होती. बाबांनी स्टुडिओ थाटला तेव्हाच हे ध्यानात यायला हवं होतं, पण ते हौशी. त्यांनी आधी पडद्यावर कारंजं आणि जिना रंगवून घेतला, आणि मग कळलं की पडद्यासमोर माणूस बसवला की कॅमेऱ्याला जागाच उरत नाही. जवळून काढलं की नाक पुढे येतं, कपाळ फुगतं, कान मागे पळतात. कॅमेरा मागे न्यावा, लांब पल्ल्याची लेन्स लावावी, तेव्हा कुठे चेहरा जागच्या जागी बसतो. मागे न्यायचा तर मधलं दार, आणि दारामागे स्वयंपाकघर. बाबा गेले तेव्हा मी पाळण्यात होते. स्टुडिओ तू चालवलास आणि कॅमेरा स्वयंपाकघरातच राहिला. फोटो काढणारी बाई आहे म्हणून लोक लेकींना बिनघोर पाठवायचे. कर्जत-खालापूरकडच्या कितीतरी मुलींची लग्नं आपल्या स्वयंपाकघरातून निघालेल्या फोटोंवर जमली. कॉन्व्हेंटच्या सिस्टरही दरवर्षी वर्गांचे फोटो तुझ्याकडूनच काढून घ्यायच्या. त्या ओळखीवर मला तिथे प्रवेश मिळाला. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी ताई मात्र मराठी शाळेत शिकली आणि मॅट्रिकनंतर तुझ्या हाताखाली बसली.

आता मीही साठी ओलांडली आहे. पुण्यातली नोकरी संपली, लेक तिच्या संसारात आहे, सकाळी कुणाच्या डब्याची घाई नसते. मी कॅमेरा घेतला आहे, हे तुला सांगायचं राहूनच गेलं. तुझ्यापुढे कधी त्याला हात लावला नाही, कारण तुझ्या घरात दोन कॅमेरावाल्या बायका आधीच होत्या. माझ्या कॅमेऱ्याबरोबर एक छोटी लेन्स आली. वाढदिवस, देवळं, फुलं तिच्यात भागतात. पण येत्या मार्चमध्ये ताईला घेऊन हिमाचलला जायचं ठरलं आहे. सत्तरीला आलेली ताई खोपोली-पनवेलच्या फारशी पलीकडे गेलेली नाही. "माथेरान जन्मभर दारातून बघितलं," ती म्हणाली, "आता एक पांढरा डोंगर बघायचाय." तो लांबचा डोंगर जवळ आणायला मोठ्या पल्ल्याची झूम लेन्स घ्यावी, असं मी मनाशी ठरवलं आणि फोनवर तिला सहज सांगितलं. ती मग म्हणाली, "त्या लेन्सनं माणसाचाही फोटो निघेल ना? माझा एक काढ. समोरून."

आई, हे वाचून तू काय केलं असतंस, ते मला माहीत आहे. तू उठून काहीतरी पुसायला घेतलं असतंस.

मी ताईला म्हटलं, "आधार कार्डावर आहे की तुझा समोरून." "तो फोटो नव्हे, पंचनामा," ताई म्हणाली. "खालापूरच्या कचेरीत त्या बाईनं 'आजी, हलू नका' म्हटलं आणि काढला. मी त्यात घाबरलेल्या म्हशीसारखी दिसते. मला फोटो हवाय. चांगला. आणि मी असताना हवाय, गेल्यावर तुम्ही कुठल्या तरी लग्नातून कापून काढाल. लग्नातले माझे फोटो आहेत का पण?" नाहीत. एकाही लग्नात नाहीत. आपल्या घरातल्या सगळ्या फोटोंच्या वेळी ताई कॅमेऱ्यामागे असायची, आणि आम्हाला सगळ्यांना ते सोयीचं वाटायचं.

तो पेजेचा दिवस मला आठवणं शक्य नाही. मी पाळण्यात होते. ताईनेच सांगितला, तोही मोठेपणी, पेन्सिलीला टोक करता करता. तू काळ्या कापडाखाली होतीस. बाबांचा तो लाकडी कॅमेरा; कापडात डोकं घातलं की बाहेरच्या जगाचं काही दिसायचं नाही. पडद्यासमोर कुणी नवं जोडपं श्वास धरून उभं होतं. शेगडीवर पेज होती. तू कापडाखालूनच म्हणालीस, "पेज उतू जाईल गं, बघ जरा." तिने बघितलं, आणि उतू जातेय म्हणून उतरवायला गेली. डावा गाल भाजला, कानापासून हनुवटीपर्यंत. मी तिला विचारलं होतं, आईला कापडातून बाहेर यायला वेळ लागला का? "लगेच आली," ताई म्हणाली. त्यापलीकडे तिने कधी काही सांगितलं नाही आणि तू तर कधीच नाही. लाकडी कॅमेरा मात्र तू लवकरच विकलास. मला आठवतो तो नंतरचा, हातात मावणारा, आणि त्याची ती एकशे पस्तीस मिलिमीटरची लांबोडकी लेन्स, जिला तू धुतलेल्या मलमलीत गुंडाळून डाळीच्या डब्यामागे ठेवायचीस.

आणि ताईने कुठलं काम पत्करलं बघ. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग घालवायचं. देवीचे व्रण, मुरमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं. खिडकीशी ती तिरकी काच घेऊन बसायची आणि कळंब-कुंभिवलीच्या मुलींचे गाल नितळ करून द्यायची. मला ते तेव्हा काही विशेष वाटत नसे. आपल्या घरात आमटी, फोटो आणि पेन्सिल एकाच खोलीत नांदत होते, त्यातलंच ते एक.

लेन्स बघायला मी पुण्याच्या दुकानात गेले. काउंटरमागचे गृहस्थ माझ्याच वयाचे होते. चष्मा कपाळावर, दुसरा नाकावर. "मॅडम, काढायचं काय आहे?" त्यांनी विचारलं. "एक बर्फाचा डोंगर आणि एक बहीण," मी म्हटलं. त्यांना हसू आलं. "डोंगराचं सोपं आहे, तो हलत नाही. बहीण कशी आहे?" "हट्टी." "मग लेन्स तिला विचारूनच घ्यायला हवी," असं म्हणून त्यांनी दोन लेन्स माझ्यापुढे मांडल्या. एक जड, सत्तर ते दोनशेच्या पल्ल्याची. तोंड मोठं, त्यामुळे कमी उजेडातही काम भागतं, आणि माणसाच्या मागचं सगळं ती लोण्यासारखं विरघळवून टाकते. "पोर्ट्रेटला राणी आहे ही," ते म्हणाले. दुसरी हलकी, सत्तर ते तीनशेची. पल्ला मोठा, वजन निम्मं, पण लांबचं बघताना उजेड जास्त मागते आणि मागचं तितकंसं विरघळत नाही. "प्रवासाला ही. पिशवीत टाका आणि विसरा. हां, एक आहे, ही माणसाच्या बऱ्याच जवळ जाऊनही स्पष्ट बघते. राणीला जरा मागे सरावं लागतं." मी म्हटलं, मला प्रवास आणि पोर्ट्रेट दोन्ही एकीतच हवं. "मग दोन्हीकडे थोडं थोडं पाणी सोडा," ते म्हणाले. मी राणी हातात घेतली. आई, काय वजन गं! माझं उजवं मनगट हल्ली कणीक मळतानाही कुरकुरतं. पण तिच्यातून मी दुकानातल्या एका अनोळखी बाईकडे पाहिलं, आणि त्या गर्दीतून ती एकटीच उजेडात उभी असल्यासारखी वर आली. मला वाटलं, हीच. ताईचा असाच काढायचा. मागचं सगळं पुसून टाकायचं. माझी चलबिचल बघून त्यांनी दोन्ही लेन्स चार दिवस भाड्याने नेऊन बघायला सांगितल्या.

खालापूरचा टोल नाका ओलांडून मी आत वळले आणि चहाला थांबले. टपरीसमोरच्या बाकावर बसून राणीतून पलीकडचे डोंगर बघत होते. कातळावरची वाळलेली गवताची काडी न् काडी दिसत होती. आणि तो लांबचा डोंगर बघता बघता मला एकदम ती माणसं दिसली. इथल्याच, खालापूरकडच्या एका गावातून ते स्थळ आलं होतं. ताई वीस-बावीसची असेल, मी कॉन्व्हेंटच्या निळ्या पिनाफोरमधली. शेती, घरचं दूध-दुभतं, मुलगा कारखान्यात लागलेला. तू ताईचा फोटो काढायला दोन दुपारी घालवल्या होत्यास. उजवीकडे खिडकी, मान अशी, नजर तशी. डावा गाल सावलीत, आणि सावलीवरून मोकळा सोडलेला केस. तुझ्या सगळ्या फोटोंतला तो सगळ्यात सुंदर फोटो होता, हे मी आज चार पुस्तकं वाचून सांगू शकते. तो बघूनच ती माणसं आली. ताई पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली, आणि मुलाच्या आईने हातातली बशी तशीच खाली ठेवली.

"फोटूतली ही हीच का?" तिने विचारलं. तू म्हणालीस, "हो, हीच." "फोटूत तं आसं काय दिसत नव्हतं."  मुलगा आपल्या चपलांकडे बघत होता. मग त्यांच्यातली म्हातारी, मुलाची आजी, काठी टेकत उठली, ताईजवळ गेली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आणि दारातून जाताना तुला म्हणाली, "पोर ग्वाड हाय, बाय. गाल आमी बघितला आसता नि हा बोललो आसतो. आमच्या घरात काय सगली देखनी हायत का? पन तू लपवलास. आता आमाला डर वाटतं, आनखी काय लपवलं आसंल." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर तुला बरं पडलं असतं.

ती माणसं गेली. पोहे तसेच राहिले. मी तेव्हा तेरा-चौदाची, शाळेत खरं बोलण्यावर इंग्रजीत निबंध लिहिणारी, मी म्हटलं, "आई, सरळ समोरून काढला असतास तर?" तू माझ्याकडे वळलीस. "ते तुझ्या सिस्टरांना शिकव," तू म्हणालीस. "इथे पोरी बघायला आधी फोटो येतो, माणूस मागून. फोटोच परत आला तर माणसाला दारापर्यंत आणणार कोण?"  ताई बशा गोळा करत होती. ती शांतपणे म्हणाली, "आता माझा फोटो नको काढूस, आई."  त्यानंतर तू कधी काढला नाहीस. तुझं चुकलं असं मी तेव्हा समजत होते. आज त्या टपरीसमोर राणीतून डोंगर बघताना मला वेगळंच वाटलं. तू त्या लोकांपासून गाल लपवलाच नव्हतास बहुतेक. तुलाच तो कॅमेऱ्यातून बघवत नव्हता. एकदा कॅमेऱ्यात बघत असताना जे घडलं, ते परत कॅमेऱ्यातच बघायचं, हे तुझ्याने झालं नसणार.

कळंबला पोचले तेव्हा ताई अंगणात होती. तू गेल्यावर तिने बाजारातल्या स्टुडिओच्या खोल्या सोडल्या आणि इथे हे छोटं घर बांधलं, तेवढं तू बघायला हवं होतंस. समोर शेजाऱ्यांचं खळं; भाताचे भारे येऊन पडलेले, झोडणी चाललेली. पलीकडे रिसॉर्ट, तिथे शनिवार-रविवार गाण्यांचा दणका. मी राणी कॅमेऱ्यावर चढवली तशी खळ्यावरची शेजारीण, जिला ताई वहिनी म्हणते, कमरेवर हात देऊन उभी राहिली. "काय गं, तोफ आनलीस का काय? कोनाला मारतीस?" "मला," ताई म्हणाली. "मंग थांब, आमी आधी बाजूला होतो," वहिनी म्हणाली आणि बाजूला न होता जवळ आली.

ताईने धुतलेली फिकट निळी सुती साडी नेसली होती, केस मागे घट्ट बांधले होते, कपाळावर एकही बट येऊ नये असे. तिने ओसरीच्या कडेला खुर्ची ठेवली. मी तुझ्यासारखीच मागे गेले. मागे, मागे, थेट खळ्याच्या कडेपर्यंत. तिथे राणी खूश होती. ताईमागची भिंत, तुळस, दोरीवरचे कपडे, सगळं विरघळून गेलं आणि मधोमध ताई. पण मी बटणावर बोट ठेवलं रे ठेवलं, की तिची मान वळायची. हळूच, डावीकडे. डावा गाल सावलीत, उजवा माझ्याकडे. "ताई, समोर." ती समोर बघायची. मी डोळा लावायचे, मान वळायची. "आगं, कोंबडीवानी काय करतीस?" वहिनी ओरडली. ताईही हसली. पुन्हा बसली, आणि पुन्हा मान वळली. "मी नाही गं वळवत," ती म्हणाली. तिचा आवाज जरा बारीक झाला होता. "आपोआप वळते."

मला एक युक्ती सुचली. मी म्हटलं, तू तुझं काम कर, मी लांब बसते, तुला कळणारही नाही. लांब पल्ल्याची लेन्स असते कशाला? लोक पक्ष्यांचे फोटो असेच काढतात. ताई एकदम सरळ झाली. "मी पक्षी आहे का? मला न कळत काढायचा नाही. एक तर मला कळून हवा, नाही तर नको." वहिनी भारा उचलायला वळली होती, ती थांबली आणि ताईमागे तुळशीपाशी जाऊन उभी राहिली. ताई म्हणाली, "तू जवळ का नाही येत? आईही लांबच असायची."

मी जवळ गेले. राणी घेऊनच गेले, आणि ताईपासून हातभरावर आल्यावर राणी चिडली. तिला ना ताईचा डोळा सापडत होता, ना गाल. नुसती इकडेतिकडे फिरत राहिली. शिवाय ते मोठं काळं तोंड बघून ताईचे खांदे वर चढलेले. मी राणी काढून ओसरीवर ठेवली आणि हलकी चढवली. सत्तरवर आणली. ताईच्या समोरच्या पायरीवर बसले, इतकी जवळ की तिच्या साडीचा साबणाचा वास येत होता. इथून नाक थोडं मोठं येईल, मला माहीत होतं, तू मला क्षमा कर. हलकीने चटकन ताईचा डोळा धरला. पण मान? मान पुन्हा वळू लागली.  मी डोळा तसाच लावून ठेवला.

ताईच म्हणाली, "थांब जरा." तिने उजवा हात वर केला आणि आपल्याच हनुवटीखाली दोन बोटं लावली. मान हळूच सरळ केली आणि तशीच धरून ठेवली. "आई रोज असं धरायची," ती म्हणाली. "सकाळी अंघोळ झाल्यावर. हनुवटी धरून सरळ करायची आणि गालाला खोबरेल लावायची. लग्नाच्या वयाची झाले तरी, नंतरही. शेवटच्या आजारात तिला उठवत नव्हतं तर मला खाली वाकायला लावून लावायची. तू शाळेत नाहीतर पुण्याला, तुला कुठून दिसणार? तेव्हा माझी मान वळायची नाही." मला हे माहीत नव्हतं, आई. मी त्या घरात वाढले आणि मला हे माहीत नव्हतं. ताईने बोटं हळूच काढून घेतली आणि हात मांडीवर ठेवला. मान तिथेच राहिली. ती माझ्याकडे बघत होती, किंवा लेन्सकडे, किंवा त्याही मागे कुणाकडे, मला सांगता येणार नाही. मी लेन्सचं तोंड जरा बारीक केलं, म्हणजे डोळे, गाल, कान, सगळंच स्पष्ट येईल. मागचंही येईल, येऊ दे. मी बटण दाबलं. मग अजून एकदा. मग ताई म्हणाली, "बास. माझा भात करपेल."

जेवण झाल्यावर फोटो मी लॅपटॉपवर मोठा करून दाखवला. ताईने चष्मा लावला, आणि आई, ती स्वतःचा फोटो बघणारी बाई राहिलीच नाही. ती खिडकीशी काच घेऊन बसणारी ताई झाली. "मोठा कर अजून. डावीकडे घे." तिने आपला गाल इंचाइंचाने तपासला. कानाजवळची ती गोळा झालेली कातडी, खाली उतरत गेलेली चकाकी, हनुवटीपाशी संपणारी बारीक रेघ. पडद्यावर तिचं बोट फिरत होतं. "इथे थोडी पेन्सिल लागली असती," ती म्हणाली. "आणि इथे. ही सावली कठीण आहे, ही मलाही जमली नसती." मी विचारलं, करू का, हल्ली यंत्रावर चुटकीसरशी होतं. तिने चष्मा काढून पदराला पुसला. "नको. छान आलाय. माझं नाक मोठं आलंय म्हणू नकोस फक्त." मागे तुळशीपाशी वहिनी दिसत होती, कमरेवर हात देऊन, तोंड उघडं, काहीतरी बोलत असलेली. राणीने तिला विरघळवून टाकलं असतं. ताईला तिला बघून इतकं हसू आलं की तिने वहिनीला हाक मारून बोलावलंच. वहिनीने फोटो बघितला, आधी स्वतःला, मग ताईला. "माझं त्वांड काय आसं वासलंय?" म्हणाली. मग बराच वेळ ताईकडे बघत राहिली. "ही तू हायस," ती म्हणाली. "एकदम तूच हायस."

सोमवारी राणी दुकानात परत दिली. त्या गृहस्थांनी विचारलं, "बहिणीने काय निवडलं?" मी हलकी घेतली म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "पोर्ट्रेटमध्ये मागचं थोडं दिसेल हं." म्हटलं, दिसू दे. मनगटाचंही कारण सांगितलं, ते खोटं नव्हतं. पांढरा डोंगर तिच्यात कसा दिसेल ते मार्चमध्ये कळेल. नीट नाही दिसला तरी ताईला तो डोळ्यांनी दिसेल, आणि तिचं एवढंच मागणं आहे.

फोटो छापायला टाकायच्या आधी मी ताईला फोन केला, किती प्रती काढू? तिने सगळं ठरवूनच ठेवलं होतं. "मोठा एक माझ्याकडे, बाहेरच्या खोलीत, दारासमोर. फ्रेम साधी लाकडाची, सोनेरी नको. आणि त्याला हार घालायची घाई करायची नाही, सांगून ठेवते. एक वहिनीला, ती तिच्या तोंडासकट घरात लावणार आहे म्हणे. एक तुझ्या लेकीला, तिला मावशी समोरून माहीत असू दे. छोटा एक तुझ्या पाकिटात. पैसे देताना पाकीट उघडशील तेव्हा दिसला पाहिजे, मागच्या कप्प्यात कोंबू नकोस." मी म्हटलं, "आणि खालापूरला एक पाठवू का?" ती खळखळून हसली. "त्याचे दात पडले असतील आता. राहू दे बिचाऱ्याला." मग मी विचारलं, आईच्या फोटोशेजारी एक लावू का, माझ्या घरी? "तिला कशाला?" ताई म्हणाली. "तिला माझा गाल पाठ होता."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. दुकानात मात्र मी एक प्रत जास्त सांगितली, आई. कुणासाठी, ते ताईला सांगितलेलं नाही.